पासिंग झालेली गाडी

आमच्या मोहल्ल्यात पोरगा दहावीत अडकला की पूर्वी घरात फारसा खल होत नसे. ओळखीतला कुणी ना कुणी मिस्त्री असायचाच. दुसऱ्या दिवशी पोरगा त्याच्या गॅरेजात. गॅरेज म्हणजे स्टँडमागच्या रस्त्याकडेची पत्र्याची शेड, तेलानं काळी झालेली जमीन आणि बाहेर विटांवर उभी केलेली एखादी बिनचाकाची जीप. तिथं पोरगा आधी पाने ओळखायला शिकायचा. उस्तादानं गाडीखालून नुसता हात बाहेर काढून 'बारा-तेरा' म्हटलं की बारा-तेराचाच पाना त्या हातात पडला पाहिजे. पाच-सात वर्षांत तोच पोरगा मिस्त्री व्हायचा. फिटर, डेंटर, पेंटर, वायरमन, कुशनवाला, पंक्चरवाला आणि सगळ्यात शेवटी भंगारवाला. कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरचं मोटारीचं सगळं आयुष्य आमच्याकडे तरी आमच्याच लोकांच्या हातांतून जातं, असं म्हटलं तर ते फार वावगं ठरू नये.

गंमत अशी की इतक्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या या वस्तीत स्वतःची मोटार असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. बहुतेकांच्या दारात गाडी आली ती २००० नंतर, आणि आली ती दुसऱ्यानं वापरलेली. दहातल्या सात-आठ घरांत ती मारुती ८०० असायची.

या गाडीचा इतिहास आता सगळ्यांना ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसीचं इंजिन, बारा इंची चाकं. अँबॅसॅडरच्या शेजारी उभी केली तर खेळण्यासारखी दिसायची. तीस वर्षांत अशा पंचवीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. एप्रिल २०१० मध्ये तेरा मोठ्या शहरांत प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले तेव्हा तिथली तिची विक्री थांबली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनच बंद झालं. पण कारखाना थांबला म्हणून गाडी थांबत नाही. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, शहरातून तालुक्याला आणि तालुक्यातून खेड्यावर ती जातच राहते. प्रत्येक मालक तिच्यावर आपली एकेक खूण ठेवतो आणि पुढच्याला गाडी देताना ती खूण शक्यतो झाकून देतो.

आमच्या घरी ती आली २००६ साली. १९९८ चं मॉडेल, पांढरा रंग, नंबर एमएच-०८, म्हणजे रत्नागिरीची. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे आले होते, अम्मीचे गुडघे एसटीची पायरी चढायला नकार देत होते आणि भाईजानना पुण्यात नोकरी लागली होती. सौदा ठरला ८५ हजारांना. पैसे द्यायच्या आधी अब्बांनी मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री अब्बांचे लहानपणचे सोबती. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो आणि ते अब्बांना मास्तर.

गाडी धुऊन, पॉलिश मारून उभी होती. चाचा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मास्तर, मूं धोके लाए इसका. पाँव देखने दो."

त्या दिवशी त्यांनी जे जे केलं ते आम्ही पुढे अनेकांना सांगितलं आहे. वाचकांपैकी कुणाला जुनी गाडी घ्यायची असेल तर त्यांच्याही उपयोगी पडेल. आधी त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिन गार आहे ना, हे पाहिलं. तापवून ठेवलेलं इंजिन कसंही असलं तरी लगेच सुरू होतं, खरं काय ते गार इंजिन सांगतं. मग तेल ओतायच्या तोंडाचं झाकण उघडून ते उलटं करून पाहिलं. झाकणाला दुधाच्या कॉफीसारखा फेस चिकटलेला असेल तर तेलात पाणी जातंय, म्हणजे हेड गॅस्केट उडालेलं असू शकतं. ८०० चा रेडिएटर लहान. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलं की आत क्षार साचतात, पंख्याची मोटर थकते आणि एखाद्या घाटात गाडी तापून हेड धरतं. मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून त्यांनी दारांच्या खालच्या कडांवरून फिरवलं. पत्रा असेल तिथं चुंबक धरतं, पुट्टीचा जाड थर असेल तिथं घसरून पडतं. डावीकडच्या मागच्या दारावर ते दोनदा घसरलं.

पुढचं चाक जॅकवर उचलून त्यांनी ते वरखाली हलवलं, मग डावीउजवीकडे. वरखाली खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावीउजवीकडे असेल तर टाय रॉड किंवा स्टेअरिंगचा रॅक. नंतर स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून मैदानात गाडी हळूहळू गोल फिरवली आणि खिडकीतून कान बाहेर काढून ऐकत राहिले. एक्सेलच्या सांध्यावरचं रबरी बूट फाटलं की आतलं ग्रीस निघून जातं, धूळ शिरते आणि वळताना 'टक-टक' आवाज येतो. तो तेव्हा नव्हता.

सगळ्यात शेवटी त्यांनी आतली मॅट उचलली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पायाखालचा पत्रा ठोकत गेले. चांगला पत्रा टणटण वाजतो. डावीकडे, मागच्या सीटच्या पायाशी आवाज बद्द झाला. वरून रंग शाबूत होता, पण समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आठ पावसाळे काढलेल्या गाडीचा पत्रा आतून सोलत येतो. दाराखालची पाणी जायची भोकं चिखलानं बुजली की पाणी आतच राहतं, मॅटखालचं पोतेरं ओलं राहतं आणि काम अंधारात चालू राहतं. चाचा म्हणाले, "पाच-सहा साल चलेगा. पानी से बचाव."

विकणाऱ्यानं मॅट आपणहून उचलून दाखवली नव्हती. आमच्याकडे चाचा होते म्हणून ती उचलली गेली.

आता कायद्याचं सांगायचं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. यालाच आपण सगळे 'पासिंग' म्हणतो. आमच्या शेजारच्या रिक्षावाल्या चाचांना रिक्षा आठ वर्षांची झाल्यावर दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. खाजगी गाडीला मात्र पहिली पंधरा वर्षं पीयूसीपलीकडे कुणी विचारत नाही. तिचे ब्रेक लागतात की नाही, हे पंधरा वर्षं फक्त तिच्या मालकाला आणि तिच्यापुढून चालणाऱ्यांच्या नशिबाला ठाऊक असतं.

आमच्या गाडीच्या तीन परीक्षा झाल्या. २०१३, २०१८ आणि २०२३.

पहिल्या परीक्षेची तयारी महिनाभर चालली. आदल्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली होती. भाईजाननी हौसेनं लावलेली फिल्म ब्लेडनं खरवडून काढण्यात एक रविवार गेला. मग पीयूसी. आमच्या गाडीसारख्या कार्बोरेटरच्या जुन्या मोटारींना धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के. आमचा आकडा पाचाच्या वर गेला. हवेचा फिल्टर काळा ठिक्कर होता, चोकची पट्टी अर्धवट अडकली होती आणि कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई झिजल्यामुळे पेट्रोल जास्त उतरत होतं.

यावर बाजारात एक सोपा इलाज मिळतो. कार्बोरेटरचा स्क्रू पीयूसीपुरता आवळायचा, आकडा खाली आणायचा आणि कागद हातात पडला की स्क्रू पुन्हा सैल करायचा. दुसराही इलाज आहे. टायर झिजलेले असतील तर पासिंगच्या दिवसापुरते कुणाचे तरी मागून आणायचे. चाचांच्या गॅरेजात कुणी असं काही मागितलं की ते हातातलं काम खाली ठेवून विचारायचे, "रस्ता भी किराये का लाऊँ?" मागणारा हसायचा आणि बहुधा दुसऱ्या गॅरेजात जायचा. आमच्या गाडीचा कार्बोरेटर त्यांनी पूर्ण उघडला, धुतला, सुई बदलली. आकडा दोनाच्या आसपास आला आणि पेट्रोलही कमी लागू लागलं.

तरीही पहिल्या खेपेला गाडी नापास झाली. मैदानावर निरीक्षकांनी बॉनेट उघडायला सांगून चेसिस नंबर पडताळला. कागदावर पेन्सिल घासून घेतलेला नंबराचा छाप आम्ही फॉर्म २५ सोबत नेलाच होता. मग हॉर्न, वायपर, इंडिकेटर, दिवे. उजवीकडच्या दिव्याचा आरसा काळवंडला होता, उजेड जेमतेम समोरच्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत. मग त्यांनी चढावर गाडी थांबवून हँडब्रेक ओढायला सांगितला. गाडी हळूच मागं सरकली. एवढंच. "हे करून आणा" म्हणाले. मागच्या ड्रममधले लायनर झिजले होते, केबल ताणून ताणून शेवटाला आली होती. आठ दिवसांनी गाडी पास झाली.

नापासाचा तो शेरा आम्हाला पुढे फार मोलाचा वाटला. हँडब्रेक आम्ही वर्षानुवर्षं वापरतच नव्हतो. गाडी गिअरमध्ये उभी करायची आणि चाकाला दगड लावायचा, ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की तो दगड गाडीतच ठेवलेला असायचा. अम्मी त्याला 'गाडीचा दगड' म्हणायची. हँडब्रेक दुरुस्त झाल्यावर तो अंगणात तुळतुळीत पडून राहिला.

दुसऱ्या परीक्षेपर्यंत, २०१८ पर्यंत, दोष वरून खाली उतरले होते. दिवे, हॉर्न सगळं ठीक. पण एका टाय रॉडचा सांधा ढिला, खालच्या आर्मचे बुश फाटलेले, मागच्या डाव्या चाकाच्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल झिरपतंय. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. पंधरा-वीस वर्षांच्या कुठल्याही लहान गाडीची ही नेहमीचीच दुखणी. त्यात कारखान्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. रबर वाळतं, लोखंड झिजतं, आणि आपले खड्डे ते काम लवकर उरकतात. हे सगळं चाचांनी पासिंगच्या आधीच करून दिलं. शिवाय २००६ मधला तो बद्द आवाजाचा पत्रा. पाच-सहा वर्षं सांगितलेली, त्यानं बारा काढली होती. मॅट उचलली तेव्हा स्क्रूड्रायव्हर आरपार गेला आणि खालचा रस्ता दिसला. सडलेला भाग कापून तिथं नव्या पत्र्याचं ठिगळ वेल्डिंग केलं. अंगावर काटा आणणारी गोष्ट चाचांनी त्यानंतर सांगितली.

गाडीच्या पोटाखालून सायलेन्सरची नळी मागे जाते. तिचा सांधा गंजून गळत असेल आणि वर पत्र्याला भोक असेल, तर धूर गाडीत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. काचा बंद करून लांबच्या प्रवासाला निघालं की मागं बसलेल्याचं डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. लोक म्हणतात, गाडी लागली. आणि यातली खोच अशी की नळीला मधेच भोक असलं की शेवटच्या टोकाला यंत्र धुरात बाहेरची हवा मिसळून मोजतं. गाडीत बसलेल्यांना धूर जास्त मिळत असतो आणि पीयूसीचा आकडा मात्र कमी येतो. म्हणजे ज्या बिघाडानं माणूस दगावू शकतो त्याच बिघाडानं कागद चांगला मिळतो.

अम्मी त्या वेळी तिथंच खुर्चीवर बसली होती. बारा वर्षं ती त्याच डाव्या बाजूला, त्याच मॅटवर पाय ठेवून बसत आली होती. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं शुक्रान्याची नमाज पढली.

तिसरी परीक्षा २०२३ ची. नूतनीकरणाची फी २०१८ मध्ये सहाशे होती, ती एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ती दहा हजार झाली. जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी व्हाव्यात हा सरकारचा हेतू उघड आहे आणि तो चुकीचा आहे असं म्हणवत नाही. भंगार धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं, माणसाच्या डोळ्यांऐवजी यंत्रानं तपासणी करणारी केंद्रं उभी राहू लागली. रोलरवर चाक ठेवलं की कोणत्या चाकाचा ब्रेक किती धरतो ते आकड्यात दिसतं. चढावर हँडब्रेक ओढून पाहण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. चाचांचा भाचा आता गॅरेजात लॅपटॉप घेऊन बसतो आणि नव्या गाड्यांचे बिघाड त्यावर वाचतो. चाचा त्याच्यामागे उभे राहून कौतुकानं पाहतात आणि म्हणतात, "अच्छा है. पर मॅट तो हाथ से ही उठानी पड़ती."

त्या वर्षी आमची गाडी पहिल्या फेरीत पास झाली. टायर नवे होते, त्यांची नक्षी कायद्यानं मागितलेल्या १.६ मिलिमीटरपेक्षा कितीतरी खोल. दिवे स्वच्छ, ब्रेक सरळ. नोंदणी २०२८ पर्यंत वाढली. आम्ही पेढे घेऊन गॅरेजात गेलो. चाचांनी पेढा तोंडात टाकला, कागद वाचला आणि म्हणाले, "पास तो हुई. अच्छी हुई क्या, वो अलग बात है."

या वाक्याचा अर्थ आम्हाला पुढे विलायतेतल्या एका पद्धतीची माहिती वाचताना नीट उमगला. ब्रिटनमध्ये १९६० पासून एमओटी नावाची तपासणी आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ती करावी लागते. निकाल पास किंवा नापास असतोच, पण त्यासोबत तिसरी एक यादी असते. तिचा भावार्थ असा, की आज हे चालेल, पण लक्ष ठेवा. पुढचा डावा टायर मर्यादेच्या जवळ आलाय, ब्रेकची नळी गंजायला लागलीय, अमुक बुश फाटत आलाय. २००५ पासूनचे असे निकाल कुणालाही गाडीच्या नंबरावरून फुकट पाहता येतात. जुनी गाडी घेणारा माणूस आधी ते वाचतो. तिथंही तपासताना भाग सुटे करून पाहत नाहीत, तेव्हा सगळं दिसतं असं नाही. पण दिसलेलं लिहून ठेवतात आणि ते पुढच्या मालकापर्यंत पोचतं.

आपल्याकडच्या कागदावर हा 'लक्ष ठेवा'चा रकाना नाही. कागद फक्त एवढंच सांगतो, की त्या दिवशी त्या मैदानावर त्या गाडीनं नाही म्हणण्यासारखं काही दाखवलं नाही. उरलेले दिवस कागदाच्या हद्दीबाहेरचे. तो रकाना कुणाच्या तरी डोक्यात असतो. मिस्त्रीच्या, मालकाच्या. गाडी विकली की डोकं इथंच राहतं आणि गाडी तेवढी पुढं जाते.

२०२४ मध्ये आम्ही गाडी विकायला काढली. अब्बांच्या डोळ्यांना आता रात्रीचं दिसत नव्हतं आणि भाईजाननी नवी गाडी घेतली होती. तासगावकडचा एक तरुण मास्तर पाहायला आला. सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. २०२८ पर्यंतचं पासिंग पाहून तो खूश झाला. भाव ४२ हजार ठरला. मुलगी मागच्या सीटवर डाव्या बाजूला चढून बसली होती, पाय हलवत, मॅटवर टाचा आपटत.

अम्मी आतून पाहत होती. पाहुणे चहा घेत असताना तिनं भाईजानना आत बोलावलं. २०१८ च्या ठिगळाच्या कडेनं पत्रा पुन्हा सोलत आला होता. भोक नव्हतं, पण पुढच्या-मागच्या पावसाळ्यात पडलं असतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

भाईजान म्हणाले, "अम्मी, गाडी पास झालीये. सरकारनं पास केलीये. तो बघून घेतोय. त्यानं आपला मिस्त्री आणावा की."

भाईजानचं म्हणणं बाजाराच्या रीतीला धरूनच होतं. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याचाही मूळ सूर तोच आहे. खरेदीदारानं डोळे उघडे ठेवावेत. त्याला अपवाद आहेत, पण जुन्या गाडीच्या व्यवहारात ते अपवाद कोर्टात शोधायला कोण जातो?

अम्मीनं वाद घातला नाही. तिनं फक्त धान्याच्या ढिगाची गोष्ट काढली. ही हदीस आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते. पैगंबरसाहेब बाजारातून जाताना एका ढिगात हात घालतात आणि बोटं ओली होतात. व्यापारी म्हणतो, पाऊस लागला. ते विचारतात की मग ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसेल असं? धान्य भिजलं याचा दोष कुणी व्यापाऱ्याला दिला नाही, हे या गोष्टीत लक्षात घेण्यासारखं आहे. पाऊस अल्लाहचा. प्रश्न होता तो खाली काय ठेवलं आणि वर काय, याचा. फिक्हमध्ये तर यावर 'खियार-उल-ऐब' असं प्रकरणच आहे. मालात आधीपासून असलेला दोष खरेदीदाराला न सांगता दिला, तर सौदा मोडून माल परत करायचा हक्क त्याला राहतो. दोष असलेला माल विकूच नये असं कुठंच म्हटलेलं नाही. ओलं धान्यही विकता येतं, ओलं म्हणून.

"आठ-दहा हजाराचा फरक पडेल," भाईजान म्हणाले.

"उस बच्ची के पाँव वहीं रहेंगे," अम्मी म्हणाली.

मग आम्ही बसून यादी केली. चाचांना फोन लावून एकेक गोष्ट विचारून घेतली. एक, मागच्या डाव्या बाजूचा पत्रा: ठिगळ आहे, कडेनं गंज, पावसाआधी वेल्डिंग करावं. दोन, सायलेन्सरचा मधला सांधा: सध्या गळत नाही, दर सहा महिन्यांनी बघावा. तीन, मागच्या डाव्या दारात पुट्टी. चार, डावीकडचा एक्सेल पूर्ण वळणावर वाजतो, बूट बदललंय, सांधा बदलावा लागेल. पाच, रेडिएटर एकदा झाळलेला, फक्त कूलंट घालावं. सहा, क्लच केबल जुनी. सात, बॅटरीखालच्या पत्र्यावर ॲसिडचा गंज, रंग मारला आहे. आठ, थंडीत चोक हातानं सोडवावा लागतो. नऊ, टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची तारीख. जे ठीक होतं तेही खाली लिहिलं: ब्रेक, हँडब्रेक, दिवे, टायर.

यादी वाचून मास्तरांचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. झालं उलटंच. त्यांच्या मनात शंका आली. एवढं सांगतायत म्हणजे न सांगितलेलं किती असेल? बाजारात माणसानं दोष सांगणं इतकं दुर्मिळ झालंय की तोच मोठा दोष वाटू लागतो. ते चहा अर्धा ठेवून, "कळवतो" म्हणून गेले. भाईजान काही बोलले नाहीत, पण जेवताना त्यांनी अम्मीकडे पाहिलंही नाही.

पुढच्या रविवारी मास्तर आले ते आपल्या गावचा मिस्त्री घेऊन. आमचे चाचाही आले. दोघे मिस्त्री दोन बाजूंनी गाडीखाली शिरले. बाहेर फक्त चार पाय दिसत होते आणि आतून 'ये देखो', 'हां, हे बघितलं' असे आवाज येत होते. अर्ध्या तासानं त्यांचा मिस्त्री हात पुसत बाहेर आला, यादी मागून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. मग मास्तरांना म्हणाला, "घ्या. यात नाही असं खाली काही नाही. पत्र्याचं मी चार दिवसांत करून देतो."

सौदा ३४ हजारांना झाला. मुलीच्या पायाखालचा पत्रा वेल्डिंग झाल्याशिवाय तिला मागं बसवायचं नाही, असं अम्मीनं मास्तरांच्या बायकोकडून वदवून घेतलं. ती हसली, पण "हो आजी" म्हणाली. भाईजाननी पैसे मोजले, त्यातले पाचशे काढून मुलीच्या हातात ठेवले आणि आमच्याकडे न बघता आत गेले.

गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० आम्ही भरले. चेसिस नंबर, इंजिन नंबर, तारीख, सह्या, सगळ्यांना रकाने आहेत. दोषांना नाही. आमच्या यादीच्या दोन प्रती केल्या, दोघांनीही खाली सह्या केल्या. एक आमच्याकडे राहिली, दुसरी पीयूसी आणि विम्याच्या कागदांसोबत गाडीच्या खणात गेली.

मास्तर निघाले. अब्बा पायरीवर उभे होते. गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उजवीकडे पूर्ण वळली तेव्हा टक-टक असा आवाज आम्हाला घरापर्यंत ऐकू आला. यादीत तो चौथ्या क्रमांकावर होता.